तीन हाका

बेंगळुरातल्या शिवाजीनगरात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत शिलाई मशीन दुरुस्तीचं एक दुकान होतं. त्याच्या माडीवर नीला जाधवची कचेरी होती. एका वकिलाकडे बारा वर्षं टायपिंग केल्यावर तिने स्वतःची चौकशीची एजन्सी काढली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. पुढे तेच नातेवाईक मुलीचं लग्न ठरवण्याआधी गुपचूप तिचा जिना चढू लागले. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पितळेचे भाग कोण पळवतं, असली तिची कामं. कुणाच्या मरणाची चौकशी तिच्याकडे कधी आली नव्हती.

१९९५च्या ऑगस्टात मालनबाई आल्या. सत्तरीची बाई, जिना चढून धाप लागलेली, पण खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

"माझा नवरा कसा मेला ते मला हवंय," त्या म्हणाल्या.

"कधी गेले?"

"बावन्न वर्षं होत आली."

नीलाने पेन खाली ठेवलं. मालनबाई मग बसल्या आणि पिशवीतून तीन कागद काढून त्यांनी टेबलावर मांडले.

त्यांचा नवरा परसू कातारी होता, लेथवर काम करणारा. महायुद्धाच्या दिवसांत सरकारने इथली हुशार कारागीर पोरं कारखान्याचं शिक्षण घ्यायला विलायतेला धाडली. त्यात बेंगळुरातून परसू गेला आणि त्याच्याच गल्लीतला, त्याचा जिवलग दोस्त उमाजी गेला. दोघं बर्मिंगहॅमला एका खोलीत राहत. उमाजी परत आला. परसूची फक्त ट्रंक आली.

पहिला कागद सरकारी होता. इंग्रजीत तारीख, २९ ऑक्टोबर १९४३, आणि 'अपघाती मृत्यू' एवढंच. दुसरं उमाजीचं पत्र. त्यात लिहिलं होतं, आमच्या वसतिगृहाच्या रस्त्यावर बॉम्ब पडला, परसू त्यात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. तिसरं पत्र ताजं होतं. मालनबाईंच्या भावाची नात रक्षिता कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला गेली होती. आज्जीसाठी ती बर्मिंगहॅमला गेली, बॉम्बहल्ल्यात मेलेल्यांची यादी तिने पाहिली. परसूचं नाव त्यात नव्हतं. तिने तिथल्या लायब्ररीतली जुनी वर्तमानपत्रं चाळली. तिने लिहिलं होतं, 'आज्जी, त्या महिन्यात ह्या गावावर एकही बॉम्ब पडलेला नाही. शेवटचा पडला तो सहा महिने आधी.'

"उमाजीरावांना विचारलंत?"

"विचारलं. 'विसरलो अक्का, म्हातारा झालो,' म्हणाला. आणि उठून गेला. चहासुद्धा प्यायला नाही." मालनबाईंनी कागद नीट एकावर एक ठेवले. "अजून एक सांगते. हसू नको. माझा नवरा मला दिसतो. आधीपासून. सरकारी कागद यायच्या आधीपासून. दारात उभा असतो, काही बोलत नाही. आणि अंगावरून पाणी गळत असतं. डोक्यापासून पायांपर्यंत चिंब. बावन्न वर्षं मी विचार करतेय पोरी, बॉम्बच्या आगीत मेलेला माणूस ओला कसा?"

नीला हसली नाही. पण हे तिने वहीत लिहूनही घेतलं नाही.

उमाजीचा लेथ-कारखाना पीण्यात होता. आता मुलगा तो चालवत असे. घर कारखान्याच्या मागेच. नीला पहिल्यांदा गेली ती भर दुपारी, आणि दारातच थबकली. बाहेर लख्ख ऊन, आणि घरातला प्रत्येक दिवा चालू. ट्यूबलाइट, बल्ब, न्हाणीघरातलासुद्धा. खिडकीत एक टॉर्च, टीपॉयवर दुसरा, देव्हाऱ्याशेजारी तिसरा.

"मामंजींना चालत नाही," सून भव्या चहा देताना दबक्या आवाजात म्हणाली. "बिलावरून ह्यांची रोज कटकट. मी म्हणते, राहू दे, म्हातारं माणूस."

तिने सासऱ्यांपुढे ठेवलेल्या कपात साखर घातली नव्हती.

"शुगर आहे का त्यांना?"

"छे हो. साखरच खात नाहीत. लग्नात जिलबीला हात लावला नाही कधी. मी ह्या घरात आल्यापासून बघतेय."

उमाजी त्र्याहत्तरचे, काटक, बोटांवर जुन्या लोखंडाचे काळे वण. नीलाचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बॉम्ब पडला. मी लिहिलंय ना?"

"त्या महिन्यात पडलाच नाही, अण्णा."

"मग कागद चुकीचे असतील. सरी, ठीक आहे, या आता."

दुसऱ्यांदा गेली तेव्हा ते झोपले आहेत असं सांगण्यात आलं. तिसऱ्यांदा नीला सांगून गेलीच नाही. गणपती होऊन गेले होते, संध्याकाळचे सात वाजत आले होते. भव्या बाजारात गेली होती. उमाजी एकटेच बाहेरच्या खोलीत बसले होते. नीलाला पाहून त्यांनी मान फिरवली, पण 'जा' म्हणाले नाहीत. तीही समोरच्या खुर्चीत बसली.

"तुम्ही त्यांना मारलंत का?" तिने सरळ विचारलं. वकिलाकडे राहून तिला एवढं कळलं होतं की मोठा आरोप केला की माणूस लहानसं खरं बोलून सुटायला बघतो.

उमाजींनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. आणि त्याच क्षणी वीज गेली.

त्या वर्षी बेंगळुरात वीज जाणं रोजचंच होतं. आजूबाजूची यंत्रं एकेक करून बंद पडत गेली आणि सगळा पीण्या मुका झाला. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. टीपॉयवरचा टॉर्च उमाजींपेक्षा नीलाला जवळ होता. ते त्यासाठी चाचपडतायत हे तिला ऐकू आलं. तिने हात पुढे केला, टॉर्च उचलला आणि मांडीवर धरला. बटण दाबलं नाही.

"बाई, बत्ती," उमाजी म्हणाले.

नीला गप्प राहिली. घाबरलेला माणूस बोलतो, हे तिला ठाऊक होतं. असं तिने आधीही केलं होतं, वेगवेगळ्या तऱ्हांनी. कुणाला बंद खोलीत थांबवून, कुणाला उगाच तासभर ताटकळत ठेवून. त्यात तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"बाई, बत्ती लावा. तुमच्याजवळ आहे ना?"

"आधी सांगा. मग लावते."

म्हाताऱ्याचा श्वास जोरजोरात येऊ लागला. खुर्ची करकरली. "बाई..." आता आवाज पार बारीक झाला होता, लहान मुलासारखा. मग बराच वेळ काहीच नाही. इतका वेळ की नीलालाच भीती वाटली आणि तिचा अंगठा बटणावर गेला. तेवढ्यात उमाजी बोलू लागले, आणि ती तशीच थांबली.

"लक्ष्मीपूजन होतं. अमावास्या. सगळ्या गावात एक दिवा नाही, लढाईमुळे दिवा दाखवायचाच नाही असा कायदा. माणसाला दर आठवड्याला मूठभर साखर. मी तीन आठवडे चहा बिनसाखरेचा पिऊन डबीत साठवली होती. परसूने मला न विचारता सगळी घेतली आणि तिथल्या आपल्याकडच्या पोरांसाठी शिरा केला. दिवाळी आहे म्हणाला. तोही खाली लागला, करपला. मी दिवसभर त्याच्याशी बोललो नाही.

"संध्याकाळी कारखान्यातून निघालो. वाट कालव्याच्या काठाने. कठडा नाही, काही नाही. दोघांत एक बत्ती, काचेवर कागद चिकटवून मंद केलेली, ती माझ्या हातात. मी पुढे, तो मागे. तो बोलत होता, मला हसवायला बघत होता. मला राग आला. मी बत्ती बंद केली आणि भरभर पुढे गेलो. मला वाट पायाखालची होती. त्याला नव्हती, तो नेहमी माझ्या मागून चालायचा."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्याने हाक मारली. 'उमा, बत्ती दाखव रे.' मी थांबलो, पण लावली नाही. म्हटलं, स्वल्प रडू दे. दुसरी मारली. तिसरी मारली. चौथीची मी वाट पाहत होतो, बाई. चौथीला लावणार होतो. ती आलीच नाही. मला वाटलं, रुसला, मागे फिरून मोठ्या रस्त्याने गेला असेल. मी खोलीवर गेलो. भूक लागली होती. भांड्यात शिरा उरला होता, तो खाल्ला. करपलेला, पण गोड होता. खाऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी कालव्यातून त्याला काढलं."

दारात उभा असलेला, चिंब भिजलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. मालनबाईंनी सांगितलेलं तिने वहीत घेतलं नव्हतं, तरी शब्दन् शब्द तिला आठवत होता.

"बॉम्ब का लिहिलात?"

"पाण्यात पडला म्हटलं तर कसा पडला विचारतील. बॉम्ब म्हटलं की कुणी काही विचारत नाही." मग म्हातारा अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आता कळलं ना, तीन हाका म्हणजे किती वेळ असतो? तुम्ही पण मोजलाच असेल."

नीलाने बटण दाबलं. उजेड भिंतीवर पडला. उमाजी खुर्चीत अंग चोरून बसले होते, धोतर ओलं झालं होतं. त्यांना लाज वाटू नये म्हणून तिने उजेड दुसरीकडे वळवला, आणि भव्या येईपर्यंत टॉर्च तसाच धरून ती बसून राहिली.

चार दिवस तिने मालनबाईंकडे जाणं टाळलं. काय काय सांगायचं? पाण्यात पडले, एवढं पुरे नव्हतं का? पण पाचव्या दिवशी गेली आणि सगळं सांगितलं. साखर, शिरा, हाका. शेवटी आपण स्वतः काय केलं तेही सांगितलं, कारण ते वगळलं तर बाकीचं खोटं झाल्यासारखं वाटलं असतं.

भिंतीवर परसूचा फोटो होता. चंदनाचा हार, खाली पितळी पट्टीवर कोरलेलं 'युद्धात वीरमरण'. मालनबाईंनी ऐकताना एकदाही तिकडे पाहिलं नाही. शिऱ्याचं ऐकून त्यांचा चेहरा हलला, रडतील असं वाटलं, पण त्या रडल्या नाहीत.

"पोरं होती गं दोघं," त्या म्हणाल्या. "बावीस आणि एकवीस. पोरं भांडतात, रुसतात. त्याचं मी उमाजीला काही म्हणत नाही." मग त्यांचा आवाज चढला. "पण बॉम्ब? तुला माहीत आहे का त्या बॉम्बने काय केलं? मी अठराची होते. माझा भाऊ श्रीरंग मला न्यायला आला होता. होसकोट्याला रघुजी मास्तर होते, बायको वारलेली. त्यांनी स्वतःहून मागणी घातली होती. आमच्यात दुसरं लग्न होत नाही असं नव्हतं, गपचूप होत होतं. सासरे म्हणाले, साध्या मरणाने गेला असता तर पाठवलं असतं. पण हा लढाईत गेलाय, ह्याच्या बायकोला दुसऱ्याच्या घरी कसं पाठवू? सगळ्या जमातीने मान डोलावली. दर पंधरा ऑगस्टला हार घालतात मला. दर वर्षी. रघुजी मास्तर चार लग्नांत भेटले. एकदा विचारलं, बरी आहात ना? मी म्हटलं, बरी आहे."

नीलाने वही पिशवीत ठेवली.

"त्याला इथं आण," मालनबाई म्हणाल्या. "उमाजीला."

"येणार नाहीत ते."

"येईल. तो बावन्न वर्षं यायच्याच वाटेवर आहे."

उमाजी आले. नीलाने रिक्षा आणली तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर तयार बसले होते. जिना चढून मालनबाईंच्या दारात चप्पल काढताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

सकाळचे दहा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट फोटोवर पडलं होतं. उमाजी खाली सतरंजीवर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "अक्का, मी..."

"ते सगळं हिने सांगितलंय," मालनबाईंनी त्यांना थांबवलं. "जमातीच्या सभेत सांगशील? सगळ्यांसमोर?"

"सांगेन."

"बॉम्ब नव्हता, म्हणून सांगशील? मग ती पट्टी मी काढून टाकते."

"सांगेन अक्का. म्हणाल तेव्हा."

मालनबाई त्यांच्यासमोर सतरंजीवर बसल्या. मग विचारलं, "हाक मारली तेव्हा तो घाबरला होता का?"

"पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा हसत होता."

"आणि नंतर?"

उमाजींनी मान खाली घातली.

"त्याचा आवाज माझ्या लक्षात नाही राहिला," मालनबाई म्हणाल्या. "दोन वर्षांचा संसार. तो दिसतो, पण बोलत नाही. तू ऐकलायस. तू त्याचा आवाज रोज ऐकत असशील." त्या पुढे झुकल्या. "मला हाक मारून दाखव. जशी त्याने मारली तशी. तिन्ही."

"अक्का, नको."

"मार."

नीला उठली. हे आपण ऐकायचं नाही, एवढं तिला समजलं. ती जिन्यात आली, तीन पायऱ्या उतरली. खाली भाजीवाला ओरडत होता, शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं. त्या सगळ्यातून वरच्या खोलीतला आवाज तिच्यापर्यंत पोचला. तो म्हाताऱ्याचा आवाज नव्हता. एका तरुण, थोड्या थट्टेखोर पोराचा आवाज होता.

"उमा, बत्ती दाखव रे."

मग पुन्हा तोच आवाज, जरा चढलेला. नीलाने कठडा घट्ट धरला.

तिसरी हाक आली तेव्हा तिच्या पाठोपाठ मालनबाईंचा आवाज आला. हाकेला ओ देणारा. "आले, आले," त्या म्हणत होत्या, "थांबा तिथंच, पाऊल उचलू नका, मी आले."