खुणेच्या बाहेर

टेपची कडी कॅमेऱ्याच्या बाजूच्या खिळीला अडकवून काकांनी दुसरं टोक बाईंच्या डोळ्याशी नेलं. आकडा वाचताना मान तिरकी केली, टेप जवळजवळ स्वतःच्या गालाला लावली.

"सात फूट चार."

"कशाला मोजताय, इंचराव?" बाईंनी हनुवटीने कॅमेऱ्याकडे खूण केली. "आता ते मोजतंय ना."

"सवय, दुसरं काय."

'ते' म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेली डब्याएवढी काळी पेटी. समोरचा माणूस किती लांब आहे हे ती क्षणाक्षणाला मोजायची आणि भिंगाची कडी आपली आपण फिरवायची. सकाळीच आली होती, सोबत तिचा यंत्रवालाही होता. एकतीस वर्षं हे काम काका हाताने करत आले होते. नट पुढे आला, मागे गेला की कडी तेवढीच फिरवायची, म्हणजे पडद्यावर चेहरा धूसर होत नाही. फोकस पुलर म्हणतात त्याला. श्रेयनामावलीत त्याचं नाव येईपर्यंत प्रेक्षक गाडीची किल्ली शोधायला लागलेले असतात. नुसत्या नजरेने इंचाइंचाचा हिशेब सांगायचे म्हणून सगळे त्यांना इंचकाका म्हणत. सिनेमाच्या नायिका असलेल्या बाई तेवढ्या इंचराव म्हणायच्या. पंचवीस वर्षं दोघं एकमेकांसमोर उभी होती, मध्ये एक भिंग.

स्टुडिओत सकाळपासून सुतक पडल्यासारखं झालं होतं. दिवेवाला येऊन म्हणाला, "काका, पोटावर पायच दिला की हो यांनी तुमच्या." मेकअपवालीने तर डोळ्याला पदर लावला. काका मान हलवत राहिले. त्यांना काहीच वाटत नव्हतं.

खरं तर पेटी पाहून त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला होता. कडेकडेचं दिसे. ज्याच्याकडे बघावं ते मात्र नेमकं नाहीसं होई. चष्म्याने भागणार नाही, ऑपरेशनने फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. काका "बरं" म्हणाले आणि बसने घरी आले. त्या दिवसापासून आत कुठेतरी नळ बंद केल्यासारखं झालं होतं. बायकोला वाटे, स्वारी चष्मा बदलायचा कंटाळा करतेय. काकांनी तिलाही काही सांगितलं नाही.

काम कसंबसं रेटत होतं. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारायची, तिथवरचं अंतर मोजून ठेवायचं. माणूस फुलीवर उभा राहिला की हात चुकत नसे. माणूस हलला, तर मात्र डोळे लागत. आणि नशीब असं की दोन वर्षांत बाई हलल्याच नव्हत्या. एकेकाळी एका शॉटमध्ये अख्ख्या सेटवर भटकून सगळ्यांना घाम फोडणाऱ्या बाई सुतासारख्या सरळ झाल्या होत्या. त्यांचा अभिनय हल्ली लाकडी झालाय, असं पेपरात छापूनही आलं. वय झालं, लोक म्हणाले. काकांनाही तसंच वाटलं.

आता पेटी राहिली की गुपितही राहणार होतं. काकांनी नुसतं शेजारी उभं राहायचं.

तालीम पेटीवरच झाली. बहीण गेल्याची बातमी बाईंना फोनवर कळते, एवढाच प्रसंग. बाईंनी ऐकलं, फोन खाली ठेवला आणि फुली सोडून चालायलाच लागल्या. भिंगाच्या अगदी तोंडाशी आल्या, वळल्या, खुर्चीच्या हातावर टेकल्या, परत उठल्या. पेटी गुरगुरत कडी फिरवत होती.

दिग्दर्शक तरुण होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाई, काय केलंत हे!" मग त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण असा शॉट यंत्राने घ्यायचा? छे! हा काकांच्याच हातचा हवा. काढा ती पेटी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रवाल्याने तोंड वाकडं करून वायर काढली. काकांनी कडीवर हात ठेवला.

टेक सुरू झाला. बाईंनी फोन ऐकला, खाली ठेवला आणि फुलीवरच उभ्या राहिल्या.

"कट! बाई, मघाचंच करा ना. चाला, फिरा."

"हो हो."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काकांना डोळ्यांच्या कडेतून जमीन दिसत होती. बाईंची टाच उचलली गेली. थांबली. मग अलगद पुन्हा फुलीवर टेकली.

"माफ करा हं," बाई हसून म्हणाल्या. "पाय भरून आलेत. वय झालं आता."

काका त्या टाचेच्या जागेकडे बघत राहिले. दोन वर्षं. सात सिनेमे. पेपरातलं ते 'लाकडी'सुद्धा बाईंनी मुकाट ऐकून घेतलं होतं. कितीतरी दिवसांनी काकांना काहीतरी वाटलं आणि ती लाज होती. कान तापले.

त्यांनी कडीवरचा हात काढला.

"पेटी लावा."

"अहो काका, तुमच्यासाठीच तर मी..."

"मला दिसत नाही," काका म्हणाले. "समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. दोन वर्षं झाली. बाईंच्या पायांना काही झालेलं नाही."

मागे कुणीतरी विनोद समजून हसलं. दिग्दर्शक यंत्रवाल्याकडे बघायला लागला. यंत्रवाल्याने खाली मान घालून वायर जोडली.

"इंचराव," बाईंचा आवाज आला, "कशाला बोललात? चाललं होतं ना."

काका दोन पावलं मागे सरले.

"तुम्ही हला, बाई."