दाराजवळचं स्टूल

ठिणगी स्वतःचे डोळे दाखवायला आलीच नव्हती. बाबांचा हात धरून आणायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ती आली. पण आजार घराण्यात चालणारा, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाहेर बाकावर बसवलं आणि तिच्याही डोळ्यांचे फोटो काढले.

स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी. केशरी गोल, त्यात लाल रेघा.

"या बाबांच्या रक्तवाहिन्या. बघ, किती आक्रसल्यात."

"आणि या माझ्या?"

बाईंनी दुसरा फोटो मोठा केला. बोलायची गरजच नव्हती. बाबा नावाजलेले रफूगार. त्यांची नजर गेली तशी शाळा सोडून सुई हिनं उचलली. धागा जाड की बारीक, हे हिला कुणी सांगायला नको. दोन्ही फोटोंत एकाच रिळाचा धागा होता.

"संध्याकाळी धडपडतेस का गं?"

"छे!" ती खेकसली. बाईंची नजर तिच्या नडगीवरच्या काळ्यानिळ्या डागांवर गेली.

"अजून तपासण्या करू. लगेच काही होत नाही."

"पण होतं."

बाईंनी पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर बाबांनी विचारलं, "काय गं, तुझ्या नसा कशा निघाल्या?"

"दोरखंड आहेत नुसते! जहाज बांधून ठेवाल."

ते हसले. हसता हसता तिची बोटं चिमटीत धरली, धागा पारखायचे तशी. बोटं गारठलेली होती. हसू विरलं.

घरातली वस्तू जागची हलवायची नाही, असा बाबांचा दंडक. दाराजवळचं स्टूल तर त्यांचा आधारच. त्याला हात लावला की कळायचं, डावीकडे खाट, उजवीकडे न्हाणी. ठिणगी रोज तिन्हीसांजेला त्यालाच धडकायची.

"डोळे काय डोक्यावर ठेवलेस?" बाबा ओरडायचे.

"मग हलवा ना ते मेलं!" हीसुद्धा ऐकून घेणारी नव्हती.

त्या संध्याकाळी दूध घेऊन ती तरातरा आत शिरली. सवयीनं पाय आखडला, पण काहीच लागलं नाही. तिनं दिवा लावला. स्टूल पार पलीकडच्या भिंतीला टेकवलेलं होतं. बाबा खोलीच्या मधोमध उभे, दोन्ही हातांनी हवा चाचपत.

"बाबा, खाट डावीकडे आहे."

"माहितेय गं मला," ते म्हणाले, आणि उजवीकडे वळले.