चिमीच्या लगनातली वीज

आमच्या पाड्याच्या डोक्यावरून तारापूरच्या वीजकेंद्राच्या मोठ्या तारा जातात आणि खाली आमच्या घरात रॉकेलची चिमणी. इतकी वर्षं मला त्याचं काय वाटलं नव्हतं. पण माझ्या पोरीचं, चिमीचं लगीन कुंभवलीच्या पोराशी ठरलं, आणि मला माझंच घर काळंकुट्ट दिसायला लागलं. पोरगा कारखान्यात कामाला, त्याच्या घरात बल्ब. मी बघून आले होते ना, बटण दाबलं की कोपरान् कोपरा लख्ख! तेव्हापासून एकच भीती. वऱ्हाड अंधारात ठेचकाळणार, आणि माझ्या पोरीला जलमभर ऐकावं लागणार, कुठल्या बिळातून आलीस गं?

मी तेव्हा शिरगावला एका शेटच्या बंगल्यात बागेचं काम करायची. तिथं चंद्रभान होता, खानदेशातला. शेटचा गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर तो चालवायचा, वर बसून, अगदी घोड्यावरच्या नवरदेवासारखा. त्याच्यापुढं मी माझं रडगाणं गायलं.

"एवढंच ना भागीताई?" तो म्हणाला. "खालची पाती काढायची आणि इंजिनाचा पट्टा जनरेटरला चढवायचा. इंजिन फिरलं की जनरेटर फिरतो, म्हणजे झाली वीज! शेटला मी विचारतो."

शेट हो म्हणाला. लगनाच्या दिवशी चंद्रभान टेंपोत ट्रॅक्टर घालून आला. सोबत भंगारातून दुरुस्त केलेला जनरेटर, वायरी, बल्ब. दिवसभर घामाघूम होऊन त्यानं मांडवाच्या मेढींना बल्ब बांधले, एक घरात, लगीन लागतं त्या भिंतीवर सोडला. ट्रॅक्टर दाराशीच उभा केला, कारण वायर तेवढीच होती. मी अख्ख्या पाड्यात नाक वर करून फिरत होते.

आमच्यात लगनाला भटजी नसतो, धवळेरी असते. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा, त्याच्यापुढं दिवा ठेवायचा, आणि धवळेरीनं गात गात एकेका देवाला नाव घेऊन बोलवायचं. त्या गाण्यानं लगीन लागतं. आमची धवळेरी नवसी आजी. संध्याकाळी ती येऊन चौकापुढं बसली आणि म्हणाली, "भागे, दिवा कुठं हाय?"

"आजी, डोक्यावर एवढा बल्ब हाय, आता दिवा कशाला?" मी म्हटलं. काजळी धरलेला तो मातीचा दिवा मी सकाळीच कोपऱ्यात टोपलीखाली सारला होता. पाव्हण्यांनी बघू नये म्हणून! आजीनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

दिवेलागणीला वऱ्हाड वळणावर आलं आणि चंद्रभाननं इंजिन चालू केलं. अगो बाय, काय तो उजेड! पोरं किंचाळली, म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवून बघत राहिली. वऱ्हाडाचे पाय जागच्या जागी थांबले. माझी विहीण सोमी मांडीवर एक गाठोडं घेऊन चौकाजवळ बसली आणि वर बल्बाकडं बघत राहिली. माझी छाती अशी फुगली, की विचारू नका.

मग आजीनं तोंड उघडलं.

नुसतं तोंडच उघडलं. दारात इंजिन धडधडत होतं, भांडी थरथरत होती, पेट्रोलचा धूर घरात घुसत होता. आजीच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, तरी शब्द ऐकू येईना. माझा नवरा झिपरू कानाशी येऊन ओरडला, "त्याला सांग ना बंद करायला!"

"तूच सांग की!"

"बोलावलास तू. मी कशाला?"

सांगायचं कसं? दिवसभर राबलेला माणूस, साधा चहासुद्धा त्यानं मागितला नव्हता. दारात फडक्यानं हात पुसत हसत उभा होता. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाय. आणि खरं बोलायचं तर, बल्ब विझायला मलाच नको होते. म्हटलं, म्हातारीचं काय, गाते आपली ओठातल्या ओठात. जळली मेली माझी अक्कल!

तेवढ्यात चिमी उठली. हळद लागलेली नवरी चौकापुढून उठत नाय, पण ही उठली आणि माझ्या कानाशी येऊन जीव खाऊन ओरडायला लागली. नवरी उठलेली बघून चंद्रभान घाबरला. काय अपघात झाला, असं वाटून त्यानं झटकन इंजिन बंद केलं. बल्ब विझले, सगळं गप्प झालं, आणि त्या अंधारात माझ्या पोरीचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला.

"आये, एका पण देवाचं नाव मला ऐकू नाय आलं! माझं लगीन लागलं का गं?"

 

चंद्रभान दारातून म्हणाला, "ताई, आधी सांगायचं ना! मला वाटलं, गाणं अजून सुरू व्हायचंय." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"दिवा आण," आजी म्हणाली. घसा पार बसला होता तिचा. "पहिल्यापासून गाते."

मी कोपऱ्यात चाचपडत गेले. मडकं लाथाडलं, टोपली पाडली. कोणीतरी विचारलं, "दिवा टोपलीखाली का ठेवला?" मुंगी होऊन भिंतीत शिरावंसं वाटलं. दिवा हातात आला तर कोरडा! जुनं तेल मीच सकाळी ओतून काढलं होतं.

झिपरूनं काडी ओढली. त्या उजेडात सोमीनं मांडीवरचं गाठोडं सोडलं. आत तेलाची बाटली.

"लगनाच्या दिव्यात पहिलं तेल नवऱ्याकडचं ना," ती हळूच म्हणाली. "कवाची घेऊन बसलेय. दिवाच दिसंना, म्हटलं तुमच्या पाड्यात रीत नसंल."

रीत होती. माझ्या लगनात माझ्या सासूनं याच दिव्यात तेल घातलं होतं. बल्बाच्या नादात मी ते विसरले. ती बाई टोचून बोलली असती तर मीही चार शब्द सुनावले असते. पण तिनं हसून माझा हात धरला, तेल ओतलं, वात सरळ केली.

नवसी आजी पहिल्या देवापासून परत गायला लागली. गाणं कसलं, कुजबुज ती. सगळं वऱ्हाड जवळ सरकलं. चंद्रभानसुद्धा उंबऱ्यापाशी येऊन बसला. चिमी पुढं वाकून एकेक नाव ऐकत होती. चौकापुढं दिवा धरून मी बसले होते, आणि त्या उजेडात माझं तोंड सगळ्यांना दिसत होतं.