बिनमिठाचं सूप

ताट रिकामं परत आलं नाही, तर शेफ स्वतः टेबलापाशी येऊन विचारतो, काय कमी पडलं. ही त्याच्या हॉटेलातली रीत. टीव्हीवर तो हे इतक्या वेळा सांगतो, की आमच्या शेजारणीलाही पाठ झालंय. मी त्या रीतीच्या भरवशावरच जेवायला गेले होते. कारण तो शेफ माझा धाकटा भाऊ, आणि सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नव्हतो.

भांडण त्याच्या एका मुलाखतीवरून झालं. मी बावीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली. रोज साडेतीनशे आजाऱ्यांचं जेवण, तेल नावाला, मीठ वेगळ्या पुडीत. हाताला लागलेलं वळण घरी आल्यावर चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. त्याला मीच लहानाचा मोठा केला, आणि बिनमिठावर मोठा केला. मग साहेबांनी नाव काढलं आणि मुलाखतीत म्हणाले, ताईच्या हातचं खाऊन मला शेफ व्हावंच लागलं. समोरचे लोक पोट धरून हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन करून मी म्हटलं, खाल्ल्या मिठाला जागला नाहीस. तर म्हणतो, मीठ होतं कुठे, ताई? आणि हसला. मी त्याला सांगितलं, मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. जन्मात माझं एक ऐकलं नाही त्याने, हे मात्र तंतोतंत ऐकलं.

पहिलं वर्ष मी रागावर काढलं. पुढे राग उतरला आणि नुसती आठवण उरली, ती काही उतरेना. टीव्हीवर तो आला की मी आवाज बंद करून बघायचे. रोडावलाय का, झोप होते का, एवढंच बघायचं असायचं. नवरा म्हणायचा, कर की एक फोन, काय बिघडतं. पण थोरलीने आधी वाकायचं म्हणजे काय, हे धाकट्यांना आणि नवऱ्यांना कळत नाही. शेवटी शेजारणीच्या मुलीने तिच्या नावावर मंगळवारची दुपारची जागा धरून दिली.

एवढ्या नावाजलेल्या माणसाचं हॉटेल, पण थाट काही नाही. लाकडी बाकं, एकीला एक न जुळणाऱ्या ताटल्या, टेबलावर कोरा कागद अंथरलेला आणि त्यावर चित्रं काढायला पेन्सिली. समोर उघडं स्वयंपाकघर. तिथे तो पाठमोरा उभा होता. डोक्यावर मागे टक्कल पडायला लागलंय, हे टीव्हीवर कधी दिसलं नव्हतं. मला तेवढ्यानेच भरून आलं.

बेत साधा होता. निम्मं खायचं, निम्मं टाकायचं, की तो येणार. पहिल्यांदा एका कुंडीत उभं गाजर आलं. मला वाटलं शोभेला ठेवलंय. वाढणाऱ्या मुलीने सांगितलं, काकू, मातीसकट खायचं, ती भाजलेल्या पावाची आहे. मी कुंडी कधी खरवडून साफ केली, मलाच कळलं नाही. दुसऱ्यांदा टोमॅटोचा बर्फ आणि गरम पाव आला. त्याचंही तेच झालं. आमच्या घरात पानात टाकणं म्हणजे पाप, रिकामं ताट दाखवल्याशिवाय मी त्यालाही उठू द्यायचे नाही, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

तिसऱ्यांदा सूप आलं. बरोबर मिठाच्या तीन वाट्या, एक साधी, एक धुराच्या वासाची, एक लिंबाची. मुलगी म्हणाली, सुपात मीठ अजिबात नाही, ज्याचं त्याने घालून घ्यायचं. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबले. लाल भोपळा, त्यात हाताने घोटलेला मऊ भात. माझंच सूप होतं ते. आजाऱ्यांसाठी करायचे ते, याला ताप आला की भरवायचे ते. एवढा नावाजलेला शेफ, त्याला त्यात दहा सुधारणा करता आल्या असत्या. त्याने एकही केली नव्हती. सहा वर्षं मी इथे त्याच्यावर रुसून बसले होते आणि तो तिथे रोज माझं सूप रांधत होता. मी खात राहिले, आणि भानावर आले तेव्हा वाडगा रिकामा होता.

मुलगी वाडगा उचलताना मिठाच्या वाट्यांकडे बघत राहिली. म्हणाली, न घालता कुणीच संपवत नाही हे, बहुतेक जण टाकतात. शेफच्या सगळ्यात जास्त फेऱ्या यापायीच होतात. आम्ही सांगून थकलो की हे बंद करा, पण ऐकत नाहीत.

"आणि सगळं संपवलं तर?" मी विचारलं.

"मग ते कशाला येतील, काकू?"

आता फक्त गोड यायचं राहिलं होतं. ते खाऊन मला उठावं लागलं असतं, आणि पुन्हा यायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी म्हटलं, बाळ, मला आणखी एक वाडगा सूप आण.

ते आल्यावर मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पोट भरलं होतं, तरी अन्न समोर असून न खाणं जमत नव्हतं. वाफ गेली, वर साय धरली. मग मी मुलीला बोलावलं आणि सांगितलं, घेऊन जा, मला जात नाही.

काठोकाठ भरलेला वाडगा पाहून त्याने पंच्याला हात पुसले. तो वाडगा घेऊनच बाहेर आला. नजर सुपावर होती, माझ्यावर नव्हती.

"काय कमी पडलं?" कुणालाही विचारावं तसं त्याने विचारलं, आणि मग वर बघितलं.

मी खूप काही ठरवून गेले होते. मी थोरली आहे, फोन तूही करू शकला असतास, असलं पुष्कळ. त्यातलं एकही आठवेना.

"मीठ," मी म्हटलं. "तेव्हाही कमीच असायचं. तू खोटं बोलला नव्हतास. मलाच ते लागलं."

तो बाक ओढून समोर बसला आणि वाडगा स्वतःपुढे घेतला. मी मिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली, त्याने ती बाजूला केली. गार झालेलं, साय धरलेलं ते सूप तो तसंच खायला लागला. आतून त्याला दोनदा हाक आली. त्याने मान वर केली नाही. मी त्याच्याकडे बघत बसले, सहा वर्षांचं बघून घेतलं.

सगळं संपल्यावर त्याने वाडगा माझ्याकडे तिरका करून दाखवला.

"ताई, उठू का आता?"

"बस अजून थोडा," मी म्हटलं.