विजेची गाडी आणि वरातीची वाट

माझा नवरा बेसिम गाड्या चालवत नाही, गाड्या बदलतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि तेवढ्यात आमच्या दारात एकतीस गाड्या येऊन गेल्या. मी मोजल्यात. सीट पुढे-मागे कशी करायची हे मला कळेपर्यंत गाडी गेलेली असायची आणि तिच्या जागी दुसरी, आधीच्याहून लांबलचक, चामडी गाद्यांची, उभी असायची.

"अरे, परवाच तर आणली होतीस ना?" मी विचारायचे.

"मिरवेते, तुला कळत नाही. भारी गाडी दारात उभी ठेवायची नसते. रोज तिचा भाव उतरतो. आज घेतली, उद्या फिरवली, परवा विकली, असं पाहिजे."

"मग नफा कुठाय?"

"पुढच्या गाडीत."

हा पुढच्या गाडीतला नफा मी एकोणीस वर्षं शोधतेय. पण माणूस वाईट नाही हो. हसरा आहे, कष्टाळू आहे, आणि आमच्या प्रिझरेन शहरातल्या कुठल्याही कॅफेत बसला की चार जण खुर्ची ओढून त्याच्याशेजारी येतात. फक्त गाडी दिसली की त्याच्या डोक्यातला दिवा विझतो.

मी नवऱ्या मुलींचे पोशाख शिवते. नदीजवळच्या गल्लीत माझं दुकान आहे, बारा वर्षं भाड्याचं. यंदा वसंतात मालक म्हणाला, "दुकान विकतोय. पहिला हक्क तुझा. सत्तावीस हजार युरो, ऑगस्ट संपेपर्यंत. नाहीतर मोबाइलवाला तयारच आहे." माझ्याकडे सव्वीस हजार जमले होते. एकेक मणी ओवून जमवलेले, डोळे फोडून. त्या रात्री आनंदाच्या भरात मी जेवायचंच विसरले.

आणि मे महिन्यात हा बाबा माझ्यापुढे गुडघे टेकून बसला. "दोन आठवड्यांसाठी दे. फक्त दोन! जर्मनीत एका डॉक्टरची विजेची गाडी आहे. दारं बोट लावलं की उघडतात. अडतीस हजाराला मिळतेय, बारा माझे आहेत, बाकीचे तू दे; गिऱ्हाईक एक्केचाळीसला तयार आहे. तुझे पैसे परत, वर तीन हजार."

मी दिले. काय सांगू, दिले! कागदावर मात्र माझं नाव लावून घेतलं, तेवढी अक्कल शिल्लक होती. गाडी आली, आणि पुढच्याच आठवड्यात ती बनवणाऱ्या कंपनीनं नव्या गाडीचाच भाव दणकन उतरवला. आता नवी कोरी स्वस्त मिळत असताना डॉक्टरची जुनी कोण घेणार? एक्केचाळीसवाला गिऱ्हाईक फोन उचलेना. जूनमध्ये भाव चौतीस झाला, जुलैत तीस. बेसिम जेवताना मोबाइलवर भाव बघायचा आणि ताट सरकवायचा. मला त्याची दया यायची आणि त्याच वेळी कात्री फेकून मारावीशी वाटायची.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं. त्यासाठी स्वित्झर्लंडहून मुलाचे काका आले, झेनेलकाका. चाळीस वर्षं तिकडे लोकांच्या घरांची छपरं घातली. दरवर्षी दोन हजार किलोमीटर गाडी चालवत यायचे, यंदा गुडघे दुखतात म्हणून विमानानं आले आणि आल्या दिवसापासून भावाची काळी डिझेल गाडी घेऊन फिरत होते. स्वतःची गाडी नसणं त्यांना उघडं फिरल्यासारखं वाटत होतं.

"इथंच ठेवायला एखादी बघतोय," काका म्हणाले. "पण लोकांनी मान वळवून बघितली पाहिजे."

बेसिमच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला लग्नाच्या दिवशीसुद्धा दिसली नव्हती.

काका पक्के. म्हणाले, "वरातीत सगळ्यात पुढं तुझी गाडी. नवरीबरोबर मी बसतो. आवडली तर सोमवारी रोख. मंगळवारी माझं विमान आहे." सोमवार म्हणजे एकतीस तारीख, माझ्या दुकानाचा शेवटचा दिवस. मी मनातल्या मनात हात जोडले.

शनिवारी रात्रभर चार्जिंगला म्हणून बेसिमनं बहिणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर आत घेतली. बहिणीनं ती उपटून तिथं बकलाव्याची, लग्नातल्या पाकातल्या मिठाईची, विजेची भट्टी लावली. चार पराती बकलावा झाला. गाडीत सकाळी पंचावन्न टक्के.

"काही होत नाही," बेसिम कुजबुजला. "नवरीचं गाव फेरिझायजवळ. जाऊन-येऊन एकशेवीस किलोमीटर, सपाट रस्ता. मी हिशोब केलाय."

त्याचे हिशोब मी एकोणीस वर्षं बघत आले होते.

गेलो मजेत. झेंडा फडकवत, भोंगे वाजवत, मागे चौदा गाड्या. रिवाजाप्रमाणे नवरा मुलगा घरीच वाट बघत होता. नवरीकडे सरबत झालं, नाच झाला, त्यांच्या बायकांनी प्रत्येक गाडीला भरतकामाचा टॉवेल बांधला. नवरी, आर्बनोरा तिचं नाव, रडतरडत माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसली. काका पुढे. बेसिमनं गाडी आल्या रस्त्याकडे वळवली.

"अरे ए!" काका ओरडले. "कुठं निघालास?"

"घरी."

"आल्या वाटेनं? वरात? नवरीला त्याच वाटेनं माहेरी परत पाठवायचीय का तुला?"

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की वरात आल्या वाटेनं परत जात नाही. शंभर वराती बघितलेला, त्यातल्या तीसेक वरातींत स्वतः गाडी चालवलेला माझा नवरा टक्केवारीच्या नादात एवढंच विसरला होता. दुसरी वाट एकच, प्रेवालाच्या घाटातून. हजार मीटर चढ.

गाडीत अठ्ठावीस टक्के होते.

बेसिमनं आरशातून माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांची शिलाई मला त्या आरशात दिसली. मी पुढे वाकले, "अहो काका, नवरीच्या घरचा टॉवेल असा बाहेर धूळ खात का ठेवायचा?" म्हणत त्यांच्याकडून तो बाहेरच्या आरशावरून सोडवून घेतला आणि टक्के दाखवणाऱ्या पडद्यावर छान पसरला. वर गुलाबाची फुलं येतील असा.

"शोभतो," काका म्हणाले.

चढ सुरू झाला तसा बेसिमनं गपचूप एसी बंद केला. ऑगस्टचं ऊन. काकांच्या कोटातून वाफ निघायची बाकी होती.

"एसी बिघडलाय का रे?"

"छे! नवरीला झोत लागेल ना, काका."

झाला की नाही बंद विषय! आमच्याकडे माणूस गोळीला भीत नाही पण अंगावर येणाऱ्या वाऱ्याच्या झोताला भितो. काकांनी स्वतः आपल्या बाजूची काच वर केली. आम्ही चौघं बकलाव्यासारखे भाजत निघालो.

वेग मात्र कमी होत चालला. चाळीस, तीस, पंचवीस. मागे चौदा गाड्यांचे भोंगे, पण नवरीच्या गाडीला ओलांडून जायची कुणाची छाती नाही. काकांनी दोनदा मागे वळून बघितलं.

"बेसिम, या गाडीला ओढ नाही काय?"

बेसिमनं खोकल्याची उबळ काढली. तेवढ्यात माझ्या कानाशी कुजबुज झाली. आर्बनोराचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

"मावशी, बॅटरी संपतेय ना?"

"गप!"

"माझ्या धाकट्या बहिणीचा पोशाख फुकट शिवणार?"

"अगं बये! आज घरात येतेयस आणि मावससासूला लुटतेस?"

"काका—" तिनं लगेच तोंड उघडलं.

"शिवते! शिवते!"

"—काका, मला घाटात मळमळतं हो," नवरी क्षीण आवाजात म्हणाली. "जरा हळू घ्यायला सांगा ना."

"ऐकलंस का, गाढवा?" काका बेसिमवर डाफरले. "पोरीला त्रास होतोय आणि तू शर्यत लावतोस! पंधरानं चालव!"

त्या क्षणी मी त्या मुलीला बहिणीच्या घरासाठी मनापासून पसंत केलं.

पंधरानं चाललो. शेवटच्या वळणांवर माणसं चालत पुढे गेली असती. मी टॉवेलचा कोपरा उचलून बघायचे आणि परत सोडायचे. पाच, तीन, दोन. माथ्यावरची हॉटेलं दिसली, कुरण दिसलं, मागचे लोक गाड्या थांबवून ढोलावर नाचायला उतरले. आम्ही पोचलो होतो. बेसिमनं मान मागे टाकून डोळे मिटले.

आणि काकांनी घाम पुसायला समोरचा टॉवेल ओढला.

पडद्यावर लाल अक्षरात एक टक्का.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बेसिमकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे.

"घर किती लांब?"

"अठ्ठावीस किलोमीटर," बेसिम खालच्या आवाजात म्हणाला.

"आणि तुम्ही दोघं मला ही गाडी विकणार होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलायचा मला खरोखर कंटाळा आला होता, म्हणून मी सरळ सांगून टाकलं. "काका, बॅटरी दमलेली आहे. माझ्या दुकानाचे पैसे यात अडकलेत, म्हणून झाकलं. शिव्या घरी गेल्यावर घाला. आता एवढंच करा, उतरू नका. खाली जाताना हा आकडा बघत बसा."

बेसिमनं ब्रेकवरून पाय काढला. गाडी आवाज न करता उतरायला लागली. पहिली काही वळणं काका जबडा आवळून बसले होते. मग एकाचे दोन झाले. काका पुढे वाकले. नदीच्या पुलाशी तीन. झऱ्याजवळ चार.

"कोण घालतंय ही वीज?" काकांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही. आपल्याच वजनानं चाकं फिरतात, त्यावर भरते. उतारावर फुकट."

"फुकट?"

चाळीस वर्षं दर ऑगस्टला तीन-तीन टाक्या पेट्रोल स्वतःच्या पैशानं जाळत आलेला तो माणूस. मांडीवर थाप मारून असा खिदळला की आर्बनोराही ओढणीआड हसायला लागली. प्रिझरेनच्या वेशीवर पाच टक्के झाले तेव्हा काकांनी काच खाली करून रस्त्यावरच्या पोलिसाला ओरडून सांगितलं, "डोंगरानं भरली!"

नवरी घरात गेली, साखर वाटली गेली. मी बाहेर येऊन बघते तर अंगणात सौदा सुरू झालेला. आमच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी एकमेकांचा उजवा हात धरलेला आणि बोलता बोलता वरखाली हलवत होते. तिसऱ्यानं हात मारून ते सोडवले की त्या क्षणी जो आकडा असेल तो पक्का. मग बापसुद्धा मोडू शकत नाही.

"बॅटरी म्हातारी आहे. पंचवीस," काका म्हणाले. "मला घर ते मशीद, मशीद ते कॅफे जायचंय, तेवढ्यापुरती बरी आहे."

"एकोणतीस!"

"बेसिम, मी बकऱ्या विकून मोठा झालोय. बरं, ऐक. सत्तावीस रोख."

मी थबकले. पण काका पुढे बोललेच. "किंवा असं कर. भावाची ती काळी डिझेल मी तुला त्याच्याकडून मिळवून देतो. वर रोख बारा."

बेसिमची मान काळ्या गाडीकडे वळली. चारही दारं, छतातली काच, रुंद टायर. त्याच्या डोक्यातला दिवा विझलेला मला लांबून दिसला. ओठ हलले. "चामडी सीट गरम होतात का हो?"

मी धावले. टाचांचे बूट, लग्नाचा पोशाख, काही बघितलं नाही.

"काका, पहिला आकडा परत बोला!"

"कुठला? सत्तावीस रोख?"

फाडकन हात मारला. दोघांचे हात सुटले. भोवतीचे पुरुष जवळ सरकले, कारण बाईनं हात सोडवलेले कुणी पाहिले नव्हते. काकांनी आपल्या तळव्याकडे बघितलं आणि हसू दाबत म्हणाले, "झाला सौदा."

"मिरवेते!" बेसिम कळवळला. "अगं, छताला काच होती!"

सोमवारी बाराच्या आधी नोटरीकडे सह्या झाल्या. दुकान माझं झालं. मी एकटीच आत गेले, शिलाईयंत्रावर हात ठेवला आणि भोकाड पसरून रडले, हवं तेवढं. डोळे पुसून वर बघितलं तर बेसिम रस्त्यापलीकडे उभा. गाडी नसल्यानं चालत आला होता, हातात माझ्यासाठी कॉफीचा पेला. एक डोळा मिटून तो दुकानाकडे बघत होता. दोन पावलं मागे गेला. मान तिरपी करून परत बघितलं.

मग रस्ता ओलांडून दारात आला आणि आनंदानं उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "मिरवेते, जागा मोक्याची आहे गं. वसंतापर्यंत हिचे कोणीही पस्तीस देईल!"

मी त्याच्या हातातून कॉफी घेतली, दार लावलं आणि आतून कडी घातली.