झांदोसने निवडलेला तारा

कझाकांच्या घरात मरणाची बातमी थेट तोंडावर मारत नाहीत. वडीलधारे येऊन बसतात, त्यांतला एक जण कुठून तरी लांबून, घोड्याची नाहीतर ससाण्याची गोष्ट काढतो आणि ऐकणाऱ्याला हळूहळू उमगत जातं. रीत चांगली आहे, पण सांगणारा तयारीचा लागतो.

अमंताय आगांची एकुलती एक मुलगी अक्माराल त्या दिवशी सकाळी वेधशाळेतून खाली येत होती. घाटातल्या बर्फावर गाडी घसरली आणि ती गेली. तिच्याबरोबर काम करणारा झांदोस हा आगांचाच जुना विद्यार्थी. गल्लीतल्या दोघा म्हाताऱ्यांनी बातमी सांगायचं काम सरळ त्याच्या गळ्यात घातलं. आगांनी जन्मभर तारे शिकवले, तेव्हा तुमच्या ताऱ्यांचंच काहीतरी सांग, म्हणाले. झांदोसचं स्वतःचंच काळीज ठिकाणावर नव्हतं, पण म्हाताऱ्यांपुढे नाही कोण म्हणणार?

दारात तिघांना एकत्र पाहिलं तेव्हाच आगांचा चेहरा उतरला. त्यांनी वाट्यांत दुधाचा चहा ओतला. कोणी वाटीला हात लावला नाही.

"आगाय," शाळेतल्यासारखी गुरुजी म्हणून हाक मारत झांदोसने सुरुवात केली, "आपल्या सूर्यासारखा एक तारा होता."

मग तो सांगत गेला. तारा अब्जावधी वर्षं शांतपणे तेवला. पोटातलं इंधन सरलं तसा तो फुगला, लाल झाला.

"जवळचे ग्रह गिळले, ते राहिलं," आगा म्हणाले. परीक्षेत टोकायचे तसंच टोकलं त्यांनी.

ग्रह गिळले, झांदोस म्हणाला. नंतर अंगावरचे थर एकेक करून अवकाशात सोडून दिले. उरला तो एवढासा पांढरा निखारा, आणि तोही आता निवत चाललाय.

आगांनी डोळे पुसले.

"कुल्यान गेली ना?"

कुल्यान म्हणजे त्यांची थोरली बहीण. नव्वदी उलटलेली, तिकडे कारागांडीला हिवाळाभर अंथरुणावर होती.

"भरपूर जगली. पोरंबाळं, नातवंडं, सगळं पाहिलं. तू सांगितलंस तशीच सावकाश निवत गेली." आगांनी तिच्यासाठी दुआ मागून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

झांदोसला आपली चूक कळली. जो तारा तोंडपाठ होता तोच त्याने घेतला होता. असा तारा आपलं आयुष्य पुरं जगूनच मरतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अक्मारालला फोन लाव," आगा म्हणाले. "नाही, थांब. फोनवर नको. आत्यावर फार जीव आहे तिचा. तूच वर जा आणि तिला असंच समजावून सांग. छान सांगितलंस."

आता गोष्ट उरली नव्हती.

"आगाय, कुल्यान आपा बऱ्या आहेत," झांदोस म्हणाला. "अक्माराल गेली. आज सकाळी, घाटात."

एका म्हाताऱ्याने आगांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांना कळलाही नसावा.

"मघाशी मला बरं वाटलं रे," ते म्हणाले. "म्हातारीच गेलीय म्हटल्यावर घटकाभर मला बरं वाटलं."