अप्पांचा डावा हात

मन्मथअप्पा दवाखान्यातून मानवतला घरी आले त्याला दोन दिवस झाले होते आणि त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता. लकव्यानं डावा हात लुळा पडला होता. लिंगायतांची इष्टलिंगाची पूजा गळ्यातल्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून करायची, आणि पूजेशिवाय अप्पांनी साठ वर्षांत तोंड उष्टं केलं नव्हतं. आता हातच उघडा राहत नाही, तर पूजा कुठली आणि जेवण कुठलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकली तर दुसरा झटका येईल, आणि उपाशीपोटी गोळी द्यायची नाही.

"मठाचे स्वामी बी सांगून गेले, आजारपणात चालतंय म्हणून," उमादेवी लेकीला म्हणाल्या. "ऐकायलेत का ते?"

लेक रुद्राणी पुण्याहून धावत आली होती, येताना ओव्हन घेऊन. शहरात राहिलं की माणसाला वाटतं, ओव्हनमध्ये ठेवलं की सगळं शिजतं, बापाचा हट्टसुद्धा. तिनं दोन केळी कुस्करली, सफरचंद बारीक चिरलं, ओट्स, दूध, गूळ, वेलची कालवून भांडं आत ठेवलं. मध्येच लाईट गेली. ती परत येईपर्यंत तासभर रुद्राणी ओव्हनसमोर फरशीवर बसून राहिली.

शेवटी गरम वाटी घेऊन ती खाटेपाशी आली. "अप्पा, फळं हायेत ह्यात. फराळच समजा."

अप्पांनी मान फिरवली. "पूजा न्हाई झाली, पोरी."

मग ती रडली. चाळिशीची बाई, पण हुंदके देऊन रडली, कारण तिच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. एक चमचा, दोन, तीन. अर्धी वाटी संपली. रुद्राणीचा जीव भांड्यात पडला. ती लगबगीनं गोळी आणायला आत गेली.

परत आली तेव्हा अप्पांच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी उमादेवींच्या ओंजळीत होती. पूजेविना तोंड उष्टं झालं म्हणून ती अप्पांनी स्वतःच, उजव्या हातानं उतरवून दिली होती. जिवंत माणूस ती कधी उतरवत नाही. मेल्यावरही ती त्याच्यासोबतच मातीत जाते.

"अप्पा, घाला की परत," रुद्राणी म्हणाली. "मी न्हाई आता आग्रह करत."

अप्पांनी गोळीसाठी निमूटपणे तोंड उघडलं.